कोणत्या भावाला न्हाई म्हणू

गौराबाईंचे गुडघे पार गेले, तेव्हा घर विकायचं ठरलं. मानवतच्या जुन्या गल्लीतलं त्यांचं घर दुमजली, आणि स्वयंपाकघर वरच्या मजल्यावर. खालच्या मजल्यावर एके काळी कापडाचे गठ्ठे असायचे, कारण त्यांच्या यजमानांचं, वीरुपाक्षांचं, मोंढ्याच्या बाजाराजवळ कापडाचं दुकान होतं. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, गठ्ठे गेले, तरी स्वयंपाकाचा ओटा वरचा वरच राहिला. पाण्याचा हंडा, पिठाचा डबा, गॅसची टाकी, सगळं जिन्यानं वर जायचं आणि त्यांच्यामागे गौराबाई. त्यांची मुलगी शिवकन्या परभणीत शाळेत शिकवायची. तिनं आपल्या घराशेजारीच एक बसकं घर बघून ठेवलं होतं, दारात एकसुद्धा पायरी नसलेलं. मानवतचं घर विकायचं आणि ते घ्यायचं, इतकं सरळ काम होतं.

वीरुपाक्षांना सगळी गल्ली आप्पा म्हणायची. सकाळची लिंगपूजा झाली की कपाळावर भस्माचे पट्टे ओढून ते दारापुढच्या ओट्यावर बसत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याच्या अंगावरच्या कपड्याचा पोत बघत. हयात त्यांनी बस्ते बांधण्यात घालवली होती. लग्नघरची माणसं गादीवर येऊन बसायची, आप्पा साडीचा भाव सांगायचे, बाया तोंड वाकडं करायच्या, उठून चपला घालायच्या, आप्पा त्यांना परत बोलवायचे, चहा यायचा. असं चार-पाचदा झाल्याशिवाय साडी विकली गेली असं आप्पांना वाटतच नसे.

घराचा भाव ठरवायला त्यांनी परमेश्वरला बोलावलं. परमेश्वर सकाळी मोंढ्यात कापसाची दलाली करायचा आणि दुपारनंतर प्लॉटची. त्यानं घर वरून-खालून बघितलं, गच्चीवर जाऊन आला आणि पस्तीस लाखांना जाईल म्हणाला. आप्पांनी भिंतीवरून हात फिरवला.

"चाळीस सांगू," ते म्हणाले. "पाच खाली यायला ठिवू."

पहिलं गिऱ्हाईक आलं ते आदिनाथ नावाचे एक मास्तर. बदली होऊन नुकतेच मानवतला आले होते. सडपातळ, मवाळ, बोलताना समोरच्याच्या पायाकडे बघणारे. त्यांनी बैठकीची खोली बघितली, जिन्याखाली वाकून बघितलं, वर गेलेच नाहीत. आप्पांनी घसा साफ करून चाळीस लाख सांगितले आणि तोंड वाकडं होण्याची वाट बघत बसले.

"बरं," मास्तर म्हणाले. "मंजूर हाय. इसार आत्ता देऊ का उद्या?"

घरात विचारून सांगतो म्हणून आप्पांनी मास्तरांना वाटेला लावलं. घरात विचारायला गौराबाई दारातच उभ्या होत्या आणि त्या केव्हाच खुश झाल्या होत्या. पण आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. ताटावर बसले, भाकरी मोडली आणि तशीच ठेवली.

"चाळीस म्हणलं आन् त्यो हो म्हणला," ते म्हणाले.

"मंग चांगलंच झालं की," गौराबाई म्हणाल्या.

"चांगलं कसं? म्हंजी आपलं चुकलं. चुकल्याबिगर कुणी पहिल्या भावाला हो म्हणत न्हाई."

गौराबाईंनी समजूत घातली की मास्तर साधा माणूस आहे, त्याला घर आवडलं असेल. आप्पांना ते पटलं नाही. घर आवडलं असतं तर तो वर गेला असता, नळ सोडून बघितला असता, भिंतीला पोपडा आहे म्हणाला असता, असं त्यांचं म्हणणं. दुसऱ्या दिवशी मास्तर पैशाची पिशवी घेऊन आले तेव्हा आप्पांनी त्यांना बसवलं आणि सांगितलं, आमचा जरा हिशोब चुकला होता, घराचा भाव पंचेचाळीस आहे. मास्तर बाहेर जाऊन मेव्हण्याशी फोनवर बोलले, परत आले आणि म्हणाले, चालेल.

आप्पांनी पन्नास सांगितले. मास्तरांनी थोडा विचार केला, सोसायटीतून कर्ज मिळेल म्हणाले, आणि त्यालाही हो म्हणाले. मग आप्पांनी पंचावन्न सांगितले तेव्हा मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"आप्पा," ते म्हणाले, "तुमीच एकदा सांगा. मी कोणत्या भावाला न्हाई म्हणू?"

इतक्या वर्षांत कुणी आप्पांना असं विचारलं नव्हतं. मास्तर पिशवी उचलून शांतपणे निघून गेले. दार ओढून घेताना ते वाजू नये याचीसुद्धा त्यांनी काळजी घेतली. पुढं त्यांनी पाथरी रोडला एक घर घेतलं, तेही सांगितलेल्या भावाला, असं कानावर आलं.

आप्पांनी पंचावन्नाला घर दिलं नाही अशी बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीभर झाली. ज्या घराला पंचावन्नाचं गिऱ्हाईक परत पाठवलं, त्या घराचा भाव पंचावन्न कसा असेल, असं परमेश्वर चहाच्या टपरीवर म्हणाला आणि त्याचं म्हणणं सगळ्यांना बरोबर वाटलं. पुढच्या बाजाराच्या दिवशी त्यानं स्वतःच्या मनानं पंचाहत्तर सांगायला सुरुवात केली. आप्पांनी त्याला अडवलं नाही. उलट पंचाहत्तर ऐकल्यावर त्यांना पहिल्यांदा जरा बरं वाटलं, कारण त्या भावाला कुणी हो म्हणायची भीती नव्हती.

कुणी हो म्हणायला आलंही नाही. पण बघायला मात्र लोक यायला लागले. गल्लीत दिलेल्या लेकीला भेटायला आलेला पाहुणा, बाजाराला आलेली माणसं, कुणाची तरी आत्या. दारात चपला काढायचे, हात जोडल्यासारखे आत यायचे आणि भिंतींकडे बघत हळू आवाजात बोलायचे. एका बाईनं जाताना उंबऱ्याला हात लावून तो कपाळाला लावला. गौराबाई त्यांना चहा करायला जिना चढायच्या आणि चहा घेऊन जिना उतरायच्या.

शेजारी दत्तराव राहायचे. बायको वारलेली, मुलं पुण्याला, एकटेच. त्यांच्या आणि आप्पांच्या घराची भिंत एकच होती. भिंत एक म्हणजे भावही एकच, असं दत्तरावांनी धरून चालायला सुरुवात केली. आधी ते बनियनवर गल्लीत हिंडायचे, आता घरातसुद्धा इस्त्रीचा सदरा घालून बसू लागले. टपरीवर उभं राहून चहा प्यायचं त्यांनी बंद केलं. आणि पुण्याहून दिवाळीच्या दिवाळीला फोन करणारी त्यांची दोन्ही मुलं रोज फोन करायला लागली. बाबा जेवले का, गोळी घेतली का, थंडी फार आहे का तिकडं.

इकडे आप्पांच्या घरात वेगळंच सुरू झालं. एके दिवशी गौराबाईंनी वांग्याला फोडणी दिली आणि धूर भिंतीकडे गेला. त्यांनी पटकन गॅस बंद केला.

"पाऊण कोटीची भिंत हाय," त्या म्हणाल्या. "काळी झाली तर?"

त्या दिवसापासून फोडणी बंद झाली. मग तळण बंद झालं. कॅलेंडरला खिळा ठोकायचा होता, तो ठोकला नाही. कॅलेंडर दिवाणावर निजवून ठेवलं. आप्पा रात्री कुशीवर वळायला घाबरू लागले, कारण पलंगाचा पाय फरशीवर करकर वाजायचा. घर जुनंच होतं. पोपडे होते तिथंच होते. पण त्यांच्याकडे बघायची नजर आता बदलली होती. पोपडासुद्धा महागाचा वाटायचा, त्याला हात लावायचा धीर व्हायचा नाही.

एका सकाळी आप्पा गौराबाईंना म्हणाले, "खरं सांग. आपली ऐपत हाय का गं असल्या घरात राहायची?"

गौराबाईंनी आढ्यापासून फरशीपर्यंत बघितलं. "न्हाई," त्या म्हणाल्या.

समोर नर्मदाबाईंची पत्र्याची खोली रिकामी होती. एक खोली, पुढं न्हाणी, दाराला पायरी नाही. दोघांनी ती भाड्यानं घेतली. आधी नुसता स्वयंपाक तिकडं हलवला, म्हणजे घराला धूर लागणार नाही. मग अंथरुणं हलवली. मग देव नेले. घराला कुलूप लागलं. आप्पा रोज लिंगपूजा झाली की समोर जायचे, चपला बाहेर काढायचे, कुलूप उघडून फडक्यानं जिन्याचा कठडा पुसायचे आणि बैठकीत एका कडेला, पाहुणा बसतो तसे, थोडा वेळ बसून परत यायचे. गौराबाई कधी सोबत गेल्या तर आप्पा त्यांनाही पाहुण्यासारखं "बस ना" म्हणायचे. खोलीत भाजलेल्या मिरचीचा ठसका भिंतीला लागू दे नाहीतर पत्र्याला, नर्मदाबाई काही म्हणत नसत. गौराबाईंनी मनसोक्त फोडण्या दिल्या. महिनाभरात त्यांचे गुडघे दुखायचे थांबले.

हे शिवकन्येला फोनवर कुणी सांगितलं नव्हतं. रविवारी ती परभणीहून एसटीनं आली तर घराला कुलूप. हाक आली ती समोरच्या पत्र्याखालून. आई जमिनीवर बसून भाकरी थापत होती, बाप दारात बसून स्वतःच्याच घराकडे टक लावून बघत होता.

आधी तिला वाटलं घर विकलं गेलं. विकलं नाही म्हटल्यावर तिला वाटलं भाड्यानं दिलं. भाड्यानंही दिलं नाही, रिकामं आहे, आणि आपली ऐपत नाही म्हणून सोडलंय, हे आप्पांनी तिला समजावून सांगितलं तेव्हा ती पोत्यावर बसली आणि पाणी मागितलं. मग तिनं बरंच काही सुनावलं. परभणीचं घर फार दिवस थांबणार नाही, मालकाला दुसरं गिऱ्हाईक आलंय. चाळीसला द्यायचं होतं तेव्हाच द्यायचं. आता तरी भाव खाली आणा.

भाव खाली आणायचं आप्पांच्याही मनात आलं होतं. पण ते कळताच दत्तराव हात जोडून आले होते. इस्त्रीचा सदरा, डोळे ओले.

"आप्पा, तेवढं करू नका," ते म्हणाले होते. "पोरं फोन करायल्यात मला."

आता यावर काय बोलायचं? आप्पांनी पोरीला हे सांगितलं. तिनं शाळेतल्या मुलाला विचारावं तसं विचारलं, "आप्पा, योग्य भाव म्हणजे काय असतो? तुम्हीच सांगा. तुम्ही जन्मभर भाव केलात."

आप्पांनी धोतराचा सोगा दोन बोटांत धरून चोळला. "हे बग," ते म्हणाले, "सौदा झाल्यावर दोघांच्या बी जिवाला थोडं लागलं पाहिजे. त्याला वाटावं जास्ती दिले, मला वाटावं कमी घेतले. त्यो वाजवी भाव. मास्तरला कायबी लागलंच न्हाई. त्यानं घर बगितलंच न्हाई, पोरी. नळसुदिक सोडला न्हाई."

शिवकन्या जेवली, आईच्या गुडघ्यांना तेल लावायला बसली, तर आई म्हणाली दुखत नाहीत. संध्याकाळच्या गाडीनं ती गेली.

त्यानंतर काही दिवसांनी पालमकडच्या एका खेड्यातून बन्सीधर नावाचे शेतकरी आणि त्यांची बायको धुरपताबाई घर बघायला आले. दोन नातवंडांना मानवतच्या शाळेत घालायचं होतं, त्यासाठी धुरपताबाई इथं येऊन राहणार होत्या. बन्सीधर दारात चपला काढायला वाकले. धुरपताबाई चपला घालूनच आत गेल्या.

आप्पा किल्ली हातात धरून बघत राहिले. बाई बोटांच्या पेरांनी भिंत ठोकत ठोकत सगळी बैठक फिरल्या. पोपड्याला नख लावलं, तो पडला. नळ सोडला, पाण्याचा वास घेतला, एक चूळ भरून थुंकली. जिना चढताना मधल्या पायरीवर उभ्या राहून दोन उड्या मारल्या. गच्चीवरून शेजाऱ्यांच्या गच्च्या न्याहाळल्या आणि गल्लीत भांडखोर कोण आहे ते विचारलं. कुणी नाही म्हटल्यावर असं होतच नसतं म्हणाल्या. मग खाली येऊन दिवाणावरचं कॅलेंडर बाजूला सारलं, पदर खोचून बसल्या आणि भाव विचारला.

"पंचाहत्तर," आप्पा म्हणाले.

"बावीस," धुरपताबाई म्हणाल्या.

गौराबाई दारात उभ्या होत्या. त्या सांगायच्या की तेव्हा आप्पांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते लग्नानंतर त्यांनी एकदोनदाच बघितलं होतं. आप्पांनी या वेळी पायातल्या चपला काढल्याच नाहीत, तशीच मांडी घातली आणि समोरून चहा सांगितला.

घासाघीस दुपार कलेपर्यंत चालली. धुरपताबाई म्हणाल्या घर पश्चिमेचं, उन्हाळ्यात तव्यासारखं तापतं. आप्पा म्हणाले भिंत दीड हात जाडीची आहे, हात लावून बघा. त्यांनी लावला आणि ओल आहे म्हणाल्या. आप्पांनी जिन्याचं सागवान दाखवलं. त्यांनी त्यातली भेग दाखवली. आप्पांनी त्यांना कडीपाटात आडोसा करून राहिलेल्या चिमण्या दाखवल्या, तर बाईंनी त्या काय भाडं देतात का विचारलं. घरातली एक जागा राहिली नाही जी त्यांनी बोटानं टोचली नाही, आणि टोचलेल्या प्रत्येक जागेबद्दल आप्पा तासभर बोलले. मधे दोनदा बाई उठून गल्लीच्या तोंडापर्यंत गेल्या आणि नवऱ्याची चप्पल विसरली म्हणून परत आल्या. एकदा आप्पांनीच दार लावून घेतलं. आत उभे राहून कवाडाच्या फटीतून बघत राहिले, त्या जातात का ते.

मग धुरपताबाईंनी वरच्या ओट्याचं काढलं. "वरी कोण रांधतंय? खाली आणायला लागंल. कडाप्पा, नळ, गवंडी, त्याचे साठ हजार काटा."

गौराबाई दारातून पुढं आल्या. "खाली आणता येतंय?" त्यांनी विचारलं.

"न यायला काय झालं? दोन दिसाचं काम हाय."

गौराबाईंनी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी गौराबाईंकडे बघितलं. साठ हजारांत आपलं सगळं भागत होतं, हे दोघांनाही एकाच वेळी कळलं. आप्पांचं तोंड उघडलं. पण गौराबाईंनी डोळ्यांनीच त्यांना गप्प केलं.

"आता काय बोलू नका," त्या हळूच म्हणाल्या. "सौदा इतका रंगलाय, मोडंल."

शेवटी भाव अडतीसला येऊन ठरला. धुरपताबाईंना त्यात दिवाण आणि आंघोळीचं तांब्याचं घंगाळ पाहिजे होतं. आप्पांनी दिवाण दिला, घंगाळासाठी आणखी घटकाभर भांडले आणि तेही दिलं. सौदा झाल्यावर बाई म्हणाल्या, आमी बुडालो. आप्पा म्हणाले, आमीच बुडालो. दोघंही खरं बोलत होते. बन्सीधर दिवसभर काही बोलले नव्हते. त्यांनी इसाराचे पैसे मोजले आणि आप्पांच्या पायाला हात लावला. त्या दिवशी आप्पा तीन भाकरी जेवले.

रजिस्ट्री झाली. गल्लीला प्रश्न पडला तो एकच, केवढ्याला गेलं. आप्पांना दत्तरावांची काळजी होती, म्हणून ते नुसतं आभाळाकडे बघायचे. बन्सीधरांना मात्र व्याह्यांपुढं कमी दिसायचं नव्हतं. त्यांनी टपरीवर आपणहून सांगून टाकलं, सत्तरच्या वर गेलं, नेमकं विचारू नका. गल्लीनं सुटकेचा निःश्वास टाकला. दत्तरावांनी सदऱ्यांचा आणखी एक जोड शिवायला टाकला. परमेश्वरनं बाकीच्या घरांचे भाव त्याच हिशोबानं सांगायला सुरुवात केली आणि त्यातलं एकही विकलं गेलं नाही, त्यामुळे ते कुणी खोटं पाडू शकलं नाही.

हे सगळं धुरपताबाईंच्या फार जिव्हारी लागलं. पंचाहत्तरचं घर त्यांनी अडतीसला तोडलं होतं. माहेरी, सासरी, कुठंही असा सौदा कुणी केला नव्हता, आणि नवऱ्यानं तो सांगायची सोय ठेवली नाही. बाया त्यांच्याकडे बघून म्हणायच्या, बाई बिचारी फसली. ते ऐकून घ्यावं लागायचं. भाजी घेताना, दळण टाकताना, सगळीकडं.

परभणीचं घर शिवकन्येनं कसंबसं थांबवून ठेवलं होतं. पत्र्याच्या खोलीतलं सामान टेम्पोत भरलं गेलं त्या सकाळी नर्मदाबाईंनी दह्याची वाटी हातावर ठेवली, दत्तराव इस्त्रीच्या सदऱ्यात निरोपाला उभे राहिले. धुरपताबाई रस्ता ओलांडून आल्या आणि गौराबाईंना टेम्पोच्या आडोशाला घेऊन गेल्या.

"बाई, तुमी तरी सांगा कुणाला तरी," त्या म्हणाल्या. "मी कितीला घेतलं ते."

गौराबाईंनी त्यांचा हात धरला. "परभणीत आमाला कोण वळखतंय? तितं सांगते," त्या म्हणाल्या.

आणि त्यांनी शब्द पाळला. परभणीच्या नव्या गल्लीत भाजीवालीला, दूधवाल्याला, शिवकन्येच्या शाळेतल्या बायांना, रेल्वे फाटकाशी रिक्षात अडकून पडलं तर शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला, गौराबाई अजून सांगतात: मानवतला एक धुरपताबाई म्हणून आहे, तिनं पंचाहत्तरचं घर अडतीसला घेतलं. घर कुणाचं होतं ते त्या सांगत नाहीत. ऐकणाऱ्या बाया म्हणतात, लय खमकी असंल बाई. गौराबाई म्हणतात, लय.